वीस नारळांचं लातिक

१४ सप्टेंबर १९८७, सोमवार

नाही म्हणजे नाही! लातिक विकत आणायचं? नागकार्लानच्या बाजारातून? त्या टकल्याकडून, जो त्यात जळकं खोबरं मिसळतो? पोन्सोला असं सुचवताना लाज कशी वाटत नाही! त्याच्याच आईनं आमच्या लग्नात माझ्यासाठी वीस नारळ खवले होते. वीस! आणि हा त्याच बाईचा मुलगा.

"अगं, ती माणसं बोहोल बेटावरून येणार. दीड दिवस बोटीत. त्यांना कशाला कामाला लावतेस?" हे नवऱ्याचं म्हणणं. नवरा आहे की त्यांचा वकील?

मुलीचा हात मागायला मुलाकडचे जिना चढून येतात आणि जेवण सगळं तेच आणतात, हे सगळीकडेच आहे. पण बिको मुलीकडचा आणि त्याच्यावरचं लातिक मुलाकडचं, ही आमच्या घरची रीत. गुळाचा चिकट भात एकदा वडीत बसला की दाणा दाण्याला सोडत नाही, म्हणून बिको. आणि लातिक अशासाठी की वीस नारळांचं घट्ट दूध दोन तास ढवळावं, त्याचं तेल सुटावं, तेव्हा कुठे तळाशी ओंजळभर खरपूस बेरी मिळते. जी बाई मुलाच्या लग्नासाठी दोन तास ढवळायला कंटाळते, ती माझ्या मुलीला काय सुख देणार?

सेंदाला म्हटलं, लिही पत्र तुझ्या होणाऱ्या सासूला. बाकी काय आणायचं ते आणा. लातिक मात्र घरी केलेलं हवं. विकतचं मी वासावरून ओळखते! सेंदालाच लिहायला लावलं, कारण तिला त्यांची भाषा येते. दोन वर्षं तिकडे ताग्बिलारानच्या दवाखान्यात नर्स होती. "लिहिते," म्हणाली. एवढंच. लग्न हिचं आणि उत्साह माझा!

१६ सप्टेंबर

ही वही फादर सेवेरोंनी दिली. प्रायश्चित्त म्हणून. "इसांगबाई, दर शनिवारी तुमचं तेच एक पाप. राग, राग, राग! आता माळ जपू नका. राग आला की आधी कागदाला सांगा, मग माणसाला." त्यांना काय जातंय सांगायला? त्यांना नवरा नाही.

पोन्सो म्हणाला, "नाताळपर्यंत दुसरी वही लागेल." हसत होता. त्याला रात्रीचा भात करपलेला वाढला.

३० सप्टेंबर

पत्राचं उत्तर आलं. सेंदानं वाचून दाखवलं. होणाऱ्या जावयाची, अलिपियोची, आई लिहिते की आनंदानं आणीन, माझ्या हातचं लातिक गावात नावाजलेलं आहे. नावाजलेलं! बघू या. मी तीस वर्षं चर्चच्या दारात बसून सुमान, कुचिंता, बिको अशी तांदळाची मिठाई विकते. मी कधी कुणाला सांगायला गेले नाही की मी नावाजलेली आहे. लोक आपण होऊन येतात आणि सात वाजायच्या आत सूप रिकामं होतं.

पण तोंड आवरलं पाहिजे. या बाईचे आमच्यावर उपकार आहेत. सेंदाला तिकडे ताप आला होता, डोक्यात गेला होता. दवाखान्यात जागा नव्हती, तेव्हा हिनं तिला आपल्या घरी नेलं. चाळीस दिवस ठेवलं. आम्हाला कळलं ते सगळं निभावल्यावर! माझी मुलगी मरता मरता वाचली आणि मी इथे केळीची पानं शेकत बसले होते. या गोष्टीचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही. समुद्रावर काढते.

मुलगा सरळ आहे. बोलतो कमी, हसतो जास्त. बाप नाही. मामाच्या दुकानात काम करायला सान पाब्लोला आला तो सेंदाच्या मागेच आला, हे आंधळ्यालाही दिसेल.

११ ऑक्टोबर, रविवार

आली मंडळी. सान पाब्लोला मामाकडे उतरली आहेत. अलिपियो निरोप घेऊन आला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला. घामानं सदरा भिजलेला, हातात शहाळी. सेंदा स्वयंपाकघरात सुमान बांधत बसली होती, ती बसलीच. तीनदा हाक मारली. चौथ्यांदा ओरडले तेव्हा बाहेर आली आणि पदर नसताना पदराशी खेळावं तशी बोटांशी खेळत उभी राहिली. तो म्हणाला, "बरी आहेस?" ती म्हणाली, "बरी आहे." संपलं! आमच्या वेळी पोन्सो खिडकीखाली उभा राहून बेसूर गाणी तरी म्हणायचा.

लाजते, दुसरं काय.

१७ ऑक्टोबर

चिकट तांदूळ भिजत घातला. गूळ चांगला मिळाला, काळा, खडीसारखा. जिना घासला. चौदाही पायऱ्या. पोन्सोला खांब पुसायला सांगितलं तर तो खांबाला टेकून झोपला.

१८ ऑक्टोबर, रविवार

काय झालं ते आज लिहिणार नाही. 

१९ ऑक्टोबर

लिहिते. नाहीतर छाती फुटेल.

दहाला आले. पुढे मामा सोतेरो, मागे अलिपियो, आणि मध्ये ती. तिकाय. माझ्याएवढीच असेल, काळीसावळी, ताठ. हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, तो कुणाला देईना. भाजलेलं डुक्कर मामानं आणलं, शेवया आणल्या, अंड्याचं थरथरतं पुडिंगसुद्धा आणलं. डबा मात्र हिच्या मांडीवर. मला बरं वाटलं, खोटं का सांगू! म्हटलं, बाईनं जिवापाड जपून आणलंय.

ओसरीवर अर्धी आळी जमलेली. मी बिको आणून ठेवला. काय उतरला होता! दाणा न् दाणा चकाकत होता. वर काही नाही, कोरा, वाट बघत असलेला. मी म्हणाले, "घाला तुमचं लातिक." तिनं विचारलं, "ओतू?"

ओतू? लातिक कुणी ओततं का? भुरभुरतात! मला वाटलं, परक्या भाषेत शब्द चुकला असेल. तेवढ्यात तिनं झाकण काढलं आणि डबा वाकडा केला. काकवी! काळा, वाहता पाक, धबाधबा, माझ्या बिकोवर. सूप भरलं. कडेच्या केळीच्या पानावरून ओघळून माझ्या सासूच्या भरतकामाच्या पांढऱ्या कापडावर सांडलं. माझा बिको दिसेनासा झाला.

"हे काय?" मी म्हणाले.

"लातिक," ती म्हणाली. हसून!

"लातिक कुठाय?"

"हेच की."

मागे कोण तरी फिसकन हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सोपी गोष्ट मागितली होती, एक! तीही टाळली. वर भर सभेत डोळ्यांत डोळे घालून मला शिकवते की हेच लातिक! तीस वर्षं जी बाई लातिक करते तिला! मी म्हणाले — म्हणजे ओरडलेच — "असला चिखल आमच्याकडे डुकराच्या हौदात ओततात!"

 तिला आमची भाषा थोडी थोडी येते. पण डुक्कर सगळ्यांनाच कळतं. तिनं डब्याचं झाकण लावलं, चारी बाजूंनी दाबून लावलं. "अलिपियो, चल." जिन्याच्या तोंडाशी वळली आणि म्हणाली, "वीस नारळ होते, बाई."

खोटारडी! पाकाला वीस नारळ?

अलिपियो सेंदाकडे बघत राहिला. सेंदा जमिनीकडे बघत राहिली. एक शब्द नाही, ना त्याला, ना मला. मी मनात म्हटलं, शाब्बास, माझ्या पोटची शोभतेस. आईचा अपमान गिळून सासरी जाणारी नव्हे.

ते गेले आणि हा पोन्सो काय करतो? उठून सगळ्यांची ताटं फिरवत बसला. भरल्या पानावरून कुणी उठून गेलं तर मागच्यांनी ताट फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. डुक्कर कापलंसुद्धा नव्हतं आणि ह्याला त्यांच्या जीपनी गाडीची काळजी! "माझ्या ताटाला हात लावलास तर बघ," म्हटलं. मी दोन्ही हातांनी धरून बसले. पाणी प्यायला उठले तेवढ्यात फिरवलंन!

२१ ऑक्टोबर

आज चर्चच्या दारात कुणाला बिको नको होता, सगळ्यांना बातमी हवी होती. एक सुमान घ्यायचा आणि चार प्रश्न विचारायचे. "मोडलं का हो?" "डुकराच्या हौदात म्हणालात खरंच?" एकीनं तर कुचिंता तोंडात धरून विचारलं. मी म्हणाले, "आधी गिळ, मग बोल, नाहीतर खोबरं नाकात जाईल." गेलंच.

फादर सेवेरो आले, काही न बोलता दोन सुमान घेतले. जाताना म्हणाले, "वही मोठी आणायला हवी होती."

२३ ऑक्टोबर

पोन्सो बोलत नाही. बरं झालं. घरात शांतता आहे.

शांतता फार आहे.

२४ ऑक्टोबर

सेंदा पोटभर जेवते. काल दोनदा भात घेतला. आज सकाळी खोबरं खवताना गुणगुणत होती. मला आधी बरं वाटलं, मग रागच आला. लग्न मोडलंय बाई तुझं! थोडं तरी रड! मी तुझ्यासाठी आळीभर तोंड काळं करून घेतलं आणि तू गाणी म्हणतेस? म्हटलं, "अलिपियोचा काही निरोप?" म्हणाली, "आला होता. मी भेटले नाही." एवढी धीट कधी झाली ही?

माझ्यासारखीच आहे. एकदा मनातून उतरलं की उतरलं.

२६ ऑक्टोबर, सोमवार

देवा.

बाजारात सुक्या मासळीवाल्या लोलिंगकडे गेले होते. ही मूळ सेबूची, वीस वर्षं झाली इथे येऊन. तिनंच विषय काढला, म्हणून मी पण सगळं ऐकवलं. बोटीतून डबाभर काकवी आणली आणि वर म्हणते लातिक!

लोलिंग बांगडे मोजत होती. थांबली. "मग? लातिकच की ते."

"लातिक म्हणजे बेरी! तेलातली! खरपूस!"

"तुमच्याकडे, ताई. आमच्या बेटांवर नारळाच्या दुधात गूळ घालून आटवला की जो पाक होतो ना, त्यालाच लातिक म्हणतात. सेबूत, बोहोलात, सगळीकडे. मी इथे नवीन आले तेव्हा तुमच्याकडूनच पहिल्यांदा लातिक मागितलं होतं. तुम्ही पानावर ते काळे खडे ठेवलेत. मला वाटलं, करपलेलं खपवताय. घरी जाऊन रडले मी."

"मग तेव्हाच सांगायचं नाही?"

"तुम्हाला? तुमच्या तोंडाला?"

मी मासळी न घेताच निघाले. पिशवीसुद्धा तिथेच राहिली.

२७ ऑक्टोबर

कुणावर रागावू? सांग, कुणावर! देश एक, नारळ एक, शब्द एक, आणि मध्ये खारं पाणी आलं की अर्थ फिरला! हा कुठला न्याय? अशानं माणसानं बोलायचं तरी कसं, खुणा करून? ज्यानं कुणी हा शब्द दोन्हीकडे वाटला त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा.

सेंदाला विचारलं, "तू दोन वर्षं होतीस ना तिकडे? तुला माहीत नव्हतं?" म्हणाली, "मी दवाखान्यातलं जेवायचे, आई. गोडधोड कोण खातंय तिथे." बरोबर आहे. तिची काय चूक. तिनं मी सांगितलं तेच लिहिलं.

पोन्सोला सांगितलं. नऊ दिवसांनी तोंड उघडलं त्यानं, ते हसायला! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग एकदम थांबून म्हणाला, "पण ती खरं बोलत होती, इसांग. वीस नारळ होते." ते मलाही कालपासून टोचतंय. त्यानं बोलून दाखवायची गरज नव्हती.

२९ ऑक्टोबर

माफी मागणार नाही. तिनं आधी विचारायला हवं होतं, कुठलं लातिक म्हणून. टाळी एका हाताने वाजत नाही.

३० ऑक्टोबर

सर्वसंतांच्या सणासाठी दोनशे सुमान बांधायचे आहेत आणि माझ्या डोक्यात तिच्या डब्याचं झाकण. चारी बाजूंनी कसं दाबून लावलं होतं तिनं!

१ नोव्हेंबर, रविवार

कबरस्तानात दिवस गेला. सासूच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या, बिको ठेवला. लातिक भरपूर घातलं. आमचं! मुलं वितळलेलं मेण गोळा करत फिरत होती. मी सासूला म्हणाले, मोठ्यानंच म्हणाले, "आई, तुम्ही वीस नारळ खवलेत माझ्यासाठी. तुम्हीच सांगा, मी त्या पाकाला लातिक म्हणायला हवं होतं का?"

पोन्सो शेजारी उकिडवा बसला होता. म्हणाला, "आईला कशाला विचारतेस? तिनं विकत आणलं होतं."

"काय?"

"लातिक. आपल्या लग्नात. आईचा हात दुखत होता. मला बाजारात पाठवलं आणि म्हणाली, वाटीत काढून ठेव, पोरीला सांगू नकोस. त्या टकल्याच्या बापाकडून आणलं होतं."

मी विकतचं वासावरून ओळखते! बत्तीस वर्षं हे वाक्य मी जगाला ऐकवते आणि हा माणूस बत्तीस वर्षं शेजारी बसून ते ऐकतो! मेणबत्ती उचलून फेकणार होते, पण सासूची होती.  घरी येताना कितीदा आठवलं, किती जणींना त्या वीस नारळांवरून नाकं मुरडली मी. विकतचं लातिक घातलेल्या किती लग्नांत ताट बाजूला सारलं.

खरे वीस नारळ एकाच विहिणीनं खवले. आणि तिला मी काय म्हणाले?

३ नोव्हेंबर, मंगळवार

जाऊन आले. सगळं सांगते, क्रमानं.

सकाळी कोरा बिको केला. एका बाटलीत आमचं लातिक घेतलं. जीपनीत सूप मांडीवर. बाजूचा माणूस म्हणाला, "कुणाचं लग्न?" मी म्हणाले, "तुमचं नाही, सरका जरा."

मामा सोतेरोच्या घरालाही जिना आहे. मुलीची आई मुलाकडचा जिना चढते, असं आमच्याकडे सात पिढ्यांत झालं नसेल! खाली उभी राहिले. ती वर दारात आली. बघितलंन. म्हणाली, "काय हो, हौद भरायला आलात?"

मला वाटलं होतं मी चिडेन. म्हणाले, "तोंड पोळलंय माझं, माझ्याच बोलण्यानं. वर येऊ का?"

"या. पायऱ्या मोजून या. मी तुमच्या चौदा मोजल्या होत्या. चढताना आणि उतरताना."

बारा होत्या. मोजल्या.

वर गेल्यावर सांगितलं तिला. शब्द एक, वस्तू दोन. ती ऐकून घेत होती, मध्ये मध्ये भाऊ तिला त्यांच्या भाषेत सांगत होता. मग मला म्हणायचं होतं ते म्हणाले. माफ करा. घशात माशाचा काटा अडकल्यासारखा अडकला होता तो शब्द. पण निघाला. एकोणसाठ वर्षांची आहे मी, आधी कधी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही.

ती उठली. आत गेली आणि तोच डबा घेऊन आली. थोडा पाक उरला होता. माझ्या बिकोवर ओतला, तुकडा कापून माझ्या हातावर ठेवला. खाल्ला. देवा रे! नारळाचं सगळं दूध त्या पाकात उतरलेलं, गूळ नुसता गोड नाही, किंचित कडवट, आणि घशाखाली गेल्यावरही बराच वेळ तोंडात राहतो. याला मी चिखल म्हणाले! मी रडले, चक्क रडले, आणि रडता रडता दुसरा तुकडा घेतला.

मग माझी बाटली काढली. तिनं चिमूटभर तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं. "छान आहे," म्हणाली. "आमच्याकडे हे कोंबड्या खातात." मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. आणि जे हसू फुटलं दोघींना! सोतेरो दचकून उठला, त्याला वाटलं मारामारी लागली. मग पाकावर बेरी भुरभुरून तिघांनी खाल्ला. आजवर असा बिको झाला नाही. चांगली बाई आहे. तोंडाची माझ्याइतकीच फटकळ, मनाची माझ्याहून किती तरी स्वच्छ.

तारीख ठरली. सोळा जानेवारी. येत्या रविवारी ती पुन्हा आमचा जिना चढेल, रीतसर, सगळ्या आळीसमोर. अलिपियो मामाच्या दुकानातून आला, त्याला सांगितलं, तर तो हसतच सुटला. इतका आनंद झालेला माणूस मी बघितला नाही.

निघताना तिकाय म्हणाली, शब्द अडला तिथे भाऊ सांगत होता, "सेंदाला सांगा, तिच्यासाठी वेगळं करून आणते. आजारातून उठल्यावर पोरीनं पहिलं काय मागितलं ठाऊक आहे? लातिक. चाळीस दिवसांत माझी कढई मला घासावी लागली नाही, तीच चाटून ठेवायची! आणि पत्रात काळजी बघा पोरीची. 'पातळच ठेवा, म्हणजे भातावर ओतायला सोपं जाईल. आईला फार आवडेल.'"

मी हसले. जिना उतरेपर्यंत हसत होते. जीपनी सुटली आणि हसू राहिलं नाही.

पातळ ठेवा? गोडधोड कोण खातंय तिथे, म्हणाली होती मला.

घरी आल्यावर तारीख सांगितली. सेंदानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तू माफी मागितलीस?" म्हणाली. "तू?" तिचा चेहरा बघून मी काही विचारलं नाही. उद्या विचारते.

४ नोव्हेंबर

विचारलं. तिला दोन्ही लातिकं माहीत होती.

"मला त्याच्याशी लग्न नाही करायचं, आई. वाईट नाही तो. पण नाही. ज्यांनी चाळीस दिवस मला चमच्यानं पेज भरवली, त्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणू? म्हटलं, पाक बघितलास की तूच मोडशील. सगळे म्हणाले असते, इसांगचा राग, दुसरं काय. तू कधी कुणाची माफी मागितली आहेस का, आई? मला काय माहीत तू नेमकी आत्ताच—"  मी जवळ घेतलं तर लहानपणी रडायची तशी रडली.

रविवारी तिकाय जिना चढून येईल. तिच्या तोंडावर मला हे लग्न मोडायचं आहे, आणि दोष सगळा माझाच दिसेल असं मोडायचं आहे. जन्मभर राग फुकट वाटत आले, मागितला नव्हता त्यांनासुद्धा. आज सकाळपासून तिकायवर रागवायचं बघते आहे. येत नाही.